माळशेट्टी सरांचा चार ओळींचा अहवाल

प्रा. गुरुपाद माळशेट्टी सरांची आणि माझी पहिली भेट एका न जळणाऱ्या दगडामुळे झाली.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे. घरातले पुरुष मागावर, बायका विड्या वळणाऱ्या. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तेवढे एका गिरणीच्या बॉयलर खात्यात फायरमन होते. रेल्वेच्या वाघिणींतून येणाऱ्या कोळशात दगड निघत. ते जळत नाहीत आणि भट्टीच्या जाळीत अडकून बसतात, म्हणून आधीच वेचून बाजूला टाकायचे, हे त्यांच्या कामातले एक काम. मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर मी एकदा त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्या टाकाऊ ढिगातला एक चपटा तुकडा माझ्या पायाखाली येऊन उभा फुटला आणि आत एक पान दिसले. लांबट, जिभेच्या आकाराचे, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक रेषा. कुणी नखाने कोरावे इतके स्पष्ट.

तो तुकडा मी महिनाभर कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला. जूनमध्ये कॉलेजात नाव घातल्यावर चौकशी केली, तेव्हा कुणीतरी तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीकडे बोट दाखवले. खोलीबाहेर भिंतीच्या कडेने दगडच दगड मांडलेले होते. आत एक उंच, सावळे गृहस्थ खाली बसून फडक्याने खणातले नमुने पुसत होते. कपाळावर भस्माची पट्टी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी त्यांना शिपाई समजले आणि म्हणाले, "माळशेट्टी सर कुठं भेटतील?"

"भेटले की," ते म्हणाले. "काय आणलंस?"

मी तुकडा पुढे केला. सरांनी तो लगेच घेतला नाही. उठून हात धुतले, पुसले, खिडकीशी गेले आणि मग हात पुढे केला. तुकडा उजेडात फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला. नंतर विचारले, "कुठं मिळालं?"

"गिरणीच्या कोळशात. आमचे नाना फेकून देतात असले दगड."

"तुझे नाना रोज एक जंगल जाळतात, माहीत आहे का तुला? पंचवीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडलं गेलेलं जंगल. हे त्यातलं एक पान जळायचं राहिलं." मग त्यांनी मला 'जीवाश्म' या शब्दाची फोड करून सांगितली. जीव अधिक अश्म. जीव होता, त्याचा दगड झाला. कोळसा हाही मूळचा तोच जीव. पण त्याने आपल्यातली आग राखून ठेवली. म्हणून एक कपाटात जातो आणि दुसरा भट्टीत. शास्त्र म्हणून मी पुढे पुष्कळ शिकले, पण त्या दहा मिनिटांत जे समजले त्याच्या तुलनेत बाकीचे तपशील आहेत असे मला आजही वाटते.

निघताना सरांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, दौत उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'शोधक: कु. पद्मा', आणि त्याखाली नानांचे पूर्ण नाव, 'बॉयलर खाते'. ती चिठ्ठी नमुन्यासह कपाटात गेली. हजेरीपटाखेरीज माझे नाव तोपर्यंत कुठल्या कागदावर आले नव्हते आणि नानांचे नाव पगारपत्रकाखेरीज. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा नाना जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवून विचारले, "माझं नाव? कशापायी?"

अशा रीतीने मी भूशास्त्र घेतले. वर्गात मी एकटीच मुलगी. वर्षातून पाचसहा वेळा सहली असत, कधी डोंगरात, कधी ओढ्यात, कधी खाणीत. नानांनी पहिल्याच सहलीला नकार दिला. मी सरांना फक्त इतकेच कळवले की मला येता येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आणि त्यांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या अक्का, आमच्या दोन खणांच्या घरात हजर. आईची धांदल उडाली. नानांनी चादर झटकून अंथरली.

"सर, राग मानू नका," नाना म्हणाले, "पोरगी डोंगरात जाऊन दगडं फोडणार. आमच्या गल्लीत लोक काय म्हणतील?"

सर काही बोलायच्या आतच अक्का म्हणाल्या, "मी जाते की तिच्याबरोबर. दर सहलीला जाते. न्हाईतरी घरी बसून मला हेच दगड पुसायचे असतात."

नाना हसले आणि प्रश्न मिटला. अक्कांनी शब्द पाळला. तीन वर्षे त्या प्रत्येक सहलीला आल्या, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन. सर खडकांविषयी बोलत असताना त्या सावलीत बसून लोकर विणत आणि मध्येच कन्नडमध्ये काहीतरी म्हणत. सर दचकून घड्याळ पाहत आणि आम्हाला जेवायला सोडत. सरांच्या कार्याचा गौरव होत असताना अक्कांचा उल्लेख शेवटच्या ओळीत करण्याची पद्धत आहे. मी तो इथेच, मध्यावर करते, कारण त्या होत्या म्हणून मी आहे.

सरांची शिकवण्याची रीत वेगळी होती. 'इंधने' हा धडा त्यांनी आम्हाला वर्गात कधी शिकवलाच नाही. गळीत हंगामात ते आम्हाला श्रीपूरला साखर कारखान्यावर घेऊन गेले. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत आम्ही थेट बॉयलरपाशी गेलो. तिथे रस काढून उरलेली चिपाडे भट्टीत जात होती. सर मोठ्याने म्हणाले, "हे जळतंय ते गेल्या पावसाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं ऊन. पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल. पद्माच्या वडिलांच्या भट्टीत जळतं ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं ऊन. ते पुन्हा उगवणार नाही. फरक एवढाच, पण हा फरक विसरलेला माणूस इंधनाबद्दल काहीही शिकलेला नाही."

आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी एक अशी गोष्ट केली, की ती आठवली की आजही माझी मान ताठ होते. त्यांनी नानांना वर्गात बोलावले. पाहुणे म्हणून नव्हे, शिकवायला. नाना आधी घाबरले. "सर, मी चौथी पास," म्हणाले. सर म्हणाले, "नाना, या कॉलेजात तुमच्याइतका कोळसा कुणी हाताळलेला नाही. मीसुद्धा पुस्तकातूनच शिकवतो. तुम्ही या."

नाना धुतलेला सदरा घालून आले. फळ्यापाशी उभे राहिले, खडू हातात घेतला आणि तो हातातच राहिला. सरांनी शांतपणे विचारले, "नाना, आग बरोबर चाललीय हे तुम्ही कशावरून ओळखता?"

"धुरावरून," नाना म्हणाले आणि मग त्यांची भीड चेपली. "चिमणीकडं बघायचं. धूर पातळ, भुरका पाहिजे. काळा धूर म्हंजे कोळसा आकाशात चाललाय, भट्टीत न्हाय. फावडं भरून एकदम टाकलं तर आग गुदमरते. पातळ थर टाकायचा, सगळीकडं सारखा. कोळसा नरम हाय का कडक हाय, ते हातात घेतल्यावर वजनावरून कळतं. जड लागला तर समजायचं, आत दगड हाय." पाऊण तास ते बोलले. मुलांनी वह्या भरल्या. सर शेवटच्या बाकावर बसून तेही लिहून घेत होते. त्या दिवशी कॉलेजातून घरी जाताना नाना माझ्यापुढे चार पावले चालत होते. मागून मला दिसत होते की ते दर थोड्या वेळाने गिरण्यांच्या चिमण्यांकडे मान वर करून बघत होते.

आता दुष्काळाच्या वर्षाची हकीकत सांगते. सरांच्या मूल्यांविषयी या गौरवग्रंथात इतरांनीही लिहिले असेल. मी त्या वेळी प्रत्यक्ष हजर होते, म्हणून जसे घडले तसे लिहिते.

त्या वर्षी सगळा जिल्हा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. करमाळा तालुक्यातल्या एका गावात, त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणणे चालू होते. काळ्या पाषाणाला सुरुंग लावत लावत गडी खोल गेले आणि अचानक पाषाण संपून एक काळा, मऊ थर लागला. त्यातला एक गोळा कुणीतरी चुलीत टाकला. तो धुमसला, त्याचा वास आला. संध्याकाळपर्यंत गावात एकच गजर झाला: कोळसा सापडला!

बातमी भागातल्या एका वजनदार पुढाऱ्यांपर्यंत पोहोचली. त्यांनी जाहीर करून टाकले की इथे खाण निघणार, रेल्वेचा फाटा येणार, घरटी एक नोकरी मिळणार. आता ही जागा सरकार ताब्यात घेईल, तोवर कुणी हात लावू नका, असा निरोप आला आणि विहिरीचे काम थांबले. दगडमाती वर ओढणाऱ्या यारीची दोरी गुंडाळून ठेवली गेली. बायका पाण्यासाठी दोन कोसांवर जात होत्या, त्या तशाच जात राहिल्या. पण रागाने नव्हे. आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, अशा आनंदात.

सरपंच नामदेवतात्या हे शहाणे गृहस्थ. त्यांना कुठूनतरी सरांचे नाव कळले. त्यांचे पोस्टकार्ड आले आणि त्याच रविवारी पहाटेच्या एस.टी.ने सर, अक्का, मी आणि वर्गातली दोन मुले निघालो. निघण्याआधी सरांनी मला नानांकडून गिरणीच्या चांगल्या कोळशाचे दोन खडे आणायला सांगितले होते. ते कशाला हे मला तेव्हा कळले नाही.

गाव विहिरीभोवती जमलेले. तोरण बांधले होते. सरांनी कुणाशी चर्चा केली नाही. चपला काढल्या, पंचा कमरेला बांधला आणि यारीच्या पाटीत बसून ते स्वतः खाली उतरले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या आसपास होते. अक्का काठावर उभ्या राहून दोरीकडे बघत होत्या आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. अर्ध्या तासाने सर वर आले ते चिखलाने माखलेले आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला. त्यांच्या ओंजळीत काळ्या मातीचा गोळा होता आणि त्या मातीत वाटाण्याएवढे, पांढुरके, पिळदार शंख. दगड झालेले.

"तळं होतं इथं," ते आम्हाला म्हणाले. "लाव्हाचा एक पूर येऊन गेला, तो थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी झाल्या, काठाला झाडं झाली. मग दुसरा पूर आला आणि सगळं झाकून गेला. आपल्या भागात असा थर मिळणं म्हणजे भाग्य आहे, भाग्य!"

तात्या अवघडून म्हणाले, "सर, ते समदं खरं. पर कोळसा हाय की न्हाय, तेवडं सांगा."

सरांनी दोन चुली मांडायला सांगितल्या. एकीत नानांनी दिलेले खडे ठेवले, दुसरीत विहिरीतून आधी काढून वाळलेला गोळा. दोन्हींना सारखी लाकडे लावली. मग सगळ्यांना भोवती बसवून स्वतःही मांडी घालून बसले. लाकडे जळून गेली. गिरणीचा कोळसा लालभडक होऊन फुलला आणि बराच वेळ तसाच राहिला. विहिरीतला गोळा आधी धुरला, वास मारला आणि मग नुसता बसून राहिला. शेवटी कोळशाच्या जागी मूठभर राख उरली. गोळा मात्र होता तेवढाच, फक्त काळ्याचा तांबूस झाला होता.

"तुम्हीच सांगा," सर म्हणाले.

तेव्हा गर्दीतून ठकूबाई पुढे आल्या. या मूळच्या सांगोल्याकडच्या धनगर, मेंढरे घेऊन येता येता या गावीच स्थायिक झालेल्या, सत्तरीच्या. त्यांनी काडीने गोळा उलटा केला आणि म्हणाल्या, "ह्ये जळत न्हाय. नुसतं धुमसतंय. माती हाय ही."

"बरोबर," सर म्हणाले. "झाडांचा काळेपणा मिसळलेली माती. वीतभर थर. कोळसा नाही. आपला सगळा जिल्हा लाव्हाच्या दगडावर बसलाय. इथं खाण निघणार नाही."

त्या क्षणी त्या गावाचा चेहरा जसा झाला तो मी विसरू शकत नाही. एक तरुण रागाने ओरडला, "तुमाला काय जातंय बोलायला! तुमी सोलापूरला जाऊन नळाचं पानी पिनार!" सर उठून उभे राहिले. त्याला उलट बोलले नाहीत. म्हणाले, "खरं आहे तुझं. म्हणून तुझ्याच पाण्याचं बोलतो. ही माती चिवट आहे, हिच्यातून पाणी पलीकडं जात नाही. हिच्याखालचा दगड मात्र भोकाभोकाचा असण्याचा संभव आहे. असलं तर पाणी तिथं असेल. पाण्याची हमी मी देत नाही, कारण मला दिसत नाही. कोळसा नाही याची देतो. विहीर थांबवू नका."

ठकूबाईंनी विचारले, "तळं व्हतं म्हनला न्हवं तुमी? मग त्यातलं पानी कुटं गेलं?"

सगळे हसले, सरही हसले. पण त्यांनी त्या प्रश्नाचेही उत्तर दिले, अगदी परीक्षेतल्या प्रश्नाला द्यावे तसे. सहा कोटी वर्षांत पाणी ढग होऊन किती वेळा आले आणि गेले, ते सावकाश समजावून सांगितले. ठकूबाई मान हलवत राहिल्या.

पुढाऱ्यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. ते आमचे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कारभारातही होते. आठवड्याभरात सरांना वर बोलावणे आले. मी त्या वेळी बाहेर प्रयोगवह्या घेऊन उभी होते आणि दार उघडेच होते. सरांना कुणी दरडावले नाही. फार गोड शब्दांत सुचवण्यात आले की अहवालात 'कोळसा नाही' असे लिहिण्याऐवजी 'अधिक तपासाची आवश्यकता आहे' असे लिहावे. त्याने कुणाचे काय बिघडते?

"विहिरीचं बिघडतं," सर म्हणाले. "अधिक तपास म्हटलं की काम आणखी वर्षभर थांबेल. त्या बायका चार मैल चालतात."

परत येऊन त्यांनी अहवाल लिहिला आणि मला स्वच्छ प्रत करायला दिली, म्हणून तो मला पाठ आहे. 'सदर विहिरीतील काळा थर हा सेंद्रिय अंश असलेल्या मातीचा असून त्याची जाडी सुमारे एक वीत आहे. हा कोळसा नाही. इंधन म्हणून याचा उपयोग नाही. खोदकाम चालू ठेवावे.' खाली सही. चार ओळी.

त्या वर्षी उपप्राचार्यपद सरांना मिळेल असे सर्वजण धरून चालले होते. ते मिळाले नाही, त्यानंतरही कधी मिळाले नाही. याबद्दल सरांच्या तोंडून आम्ही एक शब्द ऐकलेला नाही. ज्या सहकाऱ्यांना ते पद मिळाले त्यांच्या घरी अभिनंदनाला सर्वांत आधी सर आणि अक्का गेले होते.

पण त्या दिवसांत सर शांत होते असे मी म्हणणार नाही. तात्यांनी अहवालाच्या बळावर काम पुन्हा चालू केले होते. निम्मे गडी मन खचून आलेच नाहीत. सर दर रविवारी तिथे जात. थराखालचा दगड खरोखर भोकाभोकाचा निघाला, पण कोरडा. दुसऱ्या रविवारीही कोरडा. परतीच्या एस.टी.त सर माझ्याशेजारी बसले होते. खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "पद्मा, आपण त्यांची खाण काढून घेतली. पाणी नाही लागलं तर त्यांच्याकडं काहीच उरणार नाही." पुढच्या सीटवरून अक्का मागे वळल्या आणि म्हणाल्या, "खाण नव्हतीच की. नसलेलं कसं काढून घेता येतं?" मोहोळ आल्यावर सरांनी आम्हा सर्वांना चहा पाजला.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी आमचा तास चालू होता. दारात नामदेवतात्या उभे. अंगावर धूळ, हातात कापडाने तोंड बांधलेली तांब्याची कळशी. सरांनी खडू खाली ठेवला. तात्या सरळ आत आले आणि त्यांनी कळशी टेबलावर ठेवली.

"सर, कोळसा न्हाय गावला," ते म्हणाले. "ह्ये गावलं. काल सांच्याला. पुरुसभर चढलंय."

सरांनी कापड सोडले, ओंजळ पुढे केली, तात्यांनी पाणी ओतले. सर ते प्यायले. त्यांचे डोळे भरून आले होते हे पहिल्या बाकावरून मला दिसले. पण ते बोलले ते हेच: "खारट नाही. बरं झालं. उन्हाळाभर पातळी मोजून ठेवा, तात्या." मग कळशी सगळ्या वर्गात फिरली. चाळीस मुलांनी एकेक घोट घेतला. पदवी, पहिला वर्ग, नोकरी, सगळे मला पुढे मिळाले. पण मी या माणसाची विद्यार्थिनी आहे याचा अभिमान मला त्या घोटाइतका दुसऱ्या कशाने झाला नाही.

विहिरीतल्या शंखांचीही एक गोष्ट आहे. ही बातमी ऐकून बाहेरगावचे एक मोठे अभ्यासक आले आणि उत्तम नमुने घेऊन जाण्याच्या तयारीला लागले. ठकूबाईंनी एक शंखाचा दगड देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले होते. तो सर्वांत अखंड. अभ्यासकांना तोच हवा होता. सर म्हणाले, "शास्त्राला हवा तो थराचा पुरावा. तो बाकीच्या नमुन्यांतून मिळतो. हा त्यांच्याकडं राहू द्या." अभ्यासक किंचित हसून म्हणाले, "त्या त्याची पूजा करतात, प्रोफेसर." त्यावर सर म्हणाले, "आपल्या आज्यांनी शाळिग्राम पुजले. तेही समुद्रातल्या जिवाचे जीवाश्मच. पुजले म्हणून तर टिकले." नंतर सरांनी ठकूबाईंकडे बसून त्यांना त्या शंखाचे वय सांगितले. त्या म्हणाल्या, "मग माज्यापरास लई म्हातारा हाय की ह्यो. बरं झालं पुजला त्ये." काही नमुने अभ्यासकांसोबत गेले, काही गावच्या शाळेत राहिले आणि थोडे आमच्या कपाटात आले. चिठ्ठीवर शोधक म्हणून विहिरीत काम करणाऱ्या सगळ्या गड्यांची नावे आहेत. जागा पुरली नाही म्हणून सरांनी मागच्या बाजूलाही लिहिले.

पुढे परदेशात तेलाचे भाव भडकले आणि सोलापुरात रॉकेलसाठी रांगा लागल्या. आमच्या पूर्व भागात घरोघरी स्टोव्ह, त्यामुळे हाल मोठे. सर संध्याकाळी गल्लोगल्ली येऊन बोलू लागले. ते मराठीत सांगत, मी तेलुगूत. रॉकेल कशाचे होते, समुद्रातले सूक्ष्म जीव गाडले जाऊन तेल कसे झाले, हे सांगत असताना एका बाईने विचारले, "हे सगळं ठीक. संपणार का ते?" सर म्हणाले, "संपणार. आज नाही, पण संपणार." मला वाटले, सरांनी थोडे मऊ सांगायला हवे होते.

पण ते नुसते सांगून गेले नाहीत. पुढच्या खेपेला अक्का एक देवदारी खोके घेऊन आल्या. त्यात आमच्याच मागांवरचा सुताचा गुंता आणि चादरींच्या चिंध्या दाबून भरल्या होत्या, मधोमध पातेल्याएवढी जागा. अक्कांनी डाळ स्टोव्हवर एक उकळी येईपर्यंत ठेवली, झाकण लावून पातेले खोक्यात बसवले, वर चिंध्यांची गादी दाबली आणि स्टोव्ह विझवला. तासभर गप्पा झाल्या. उघडले तर डाळ मऊ शिजलेली. माझी आई, जी सरांसमोर कधी एक शब्द बोलली नव्हती, ती तेलुगूत म्हणाली, "विस्तवाशिवाय!" सर मला म्हणाले, "तिला सांग, विस्तव आहे. फक्त पळून जाऊ दिला नाही." महिन्याभरात आमच्या गल्लीत अकरा खोकी झाली. आईचे खोके अजून वापरात आहे.

मी आता मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. सरांनी किती संशोधन केले याची यादी या ग्रंथात अन्यत्र आहे. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी दिले ते हे की जे दिसले ते लिहावे, जे दिसले नाही ते दिसले नाही असे लिहावे आणि ज्याने शोधले त्याचे नाव खाली असावे. गेल्या जूनमध्ये सर निवृत्त झाले. आम्ही सात-आठ जण गौरवग्रंथाची परवानगी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिले.

"इतक्यात मला जीवाश्म करता काय रे?" ते म्हणाले. "साठच तर झाली."

अक्का आतून म्हणाल्या, "हो म्हणून टाका. तेवढ्यानं तरी एक दिवस घरी बसाल."

सर हो म्हणाले. पण घरी बसण्याचे काही खरे नाही. मंगळवेढ्याकडच्या एका गावाने नवी विहीर कुठे घ्यावी हे विचारायला माणूस पाठवला आहे आणि त्यासाठी सरांनी नेमका या ग्रंथाच्या प्रकाशनाचा आणि सत्काराचाच दिवस दिला आहे. पहाटे सहाची एस.टी. पकडायची, संध्याकाळी पाचच्या आत सभागृहात परत यायचे, असे ठरले आहे. आम्ही पाच जण बरोबर आहोत, अक्कांची भाकरी बांधलेली आहे. सभागृहातल्या मंडळींना माझी विनंती की थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्यावे, आणि सरांच्या पायांना चिखल दिसला तर तो पुसायला जाऊ नये.

आमच्या सरांना आणि अक्कांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. सरांचे गुडघे विहिरीत उतरण्याइतके आणि दृष्टी बारीक शंख ओळखण्याइतकी शाबूत राहोत. या जिल्ह्यात अजून पुष्कळ विहिरी खणायच्या आहेत.